भाजी उकळून, पाणी ओतून

६ फेब्रुवारी

टोमॅटो बंद. केळं बंद. पालेभाज्या बंद. डाळ वाटीभर, तीही पातळ. मीठ असून नसल्यासारखं. यांनी विचारलं, "मग खायचं तरी काय, डॉक्टर?" डॉक्टर हसले. मला नाही आलं हसू.

किडन्या जवळजवळ कामातून गेल्यात. मशीनवर रक्त साफ करून घ्यावं तर यांच्या हृदयाला ते झेपणार नाही म्हणे. "तेव्हा पथ्य हेच औषध." बोलत होते यांच्याशी, बघत होते माझ्याकडे. म्हणजे इथून पुढे यांचा जीव माझ्या पातेल्यात!

येताना जिन्यात हे म्हणाले, "आईला हृदयाचं सांगू नकोस. किडनीचं ऐकूनच अर्धी झालीय." बरं म्हटलं.

८ फेब्रुवारी

आहार सांगणाऱ्या बाईंकडे गेले. भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. मग परतायची. भाजीतलं पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. ते अंगात वाढलं की हृदय बंद पडतं. "अचानक. बसल्या बसल्या." असं सांगितलं जसं काही दुकान आज बंद आहे!

वर सफरचंद रोज द्या, प्रोटीनची पावडर द्या. औषधांच्या दुकानात पावडरचा डबा हातात घेतला, किंमत वाचली, परत ठेवला. दुकानदार बघत होता. बघू दे.

११ फेब्रुवारी

अंड्यातलं पांढरं यांना चालतं. बलक नाही. आणि आमच्या बेकरीत नेमकं उलटं — बिस्किटांना बलक लागतो, पांढरं बादलीत जातं. इतकी वर्षं मीच ओततेय ते! मालकीणबाईंना विचारायला जीभ उचलेना. शेवटी भट्टीवाल्यानेच माझ्या वतीने विचारलं. बाई म्हणाल्या, "घेऊन जा की! डबा तेवढा तुझा आण." मी तिथेच रडायला लागले. "अगं, अंडंच आहे ते," म्हणाल्या, "त्यात काय एवढं!"

१५ फेब्रुवारी

घडी बसतेय. मी कामाला निघायच्या आधी भाजी उकळायला ठेवते. सासूबाई ती गाळतात, परततात, भात लावतात आणि यांना जेवायला वाढतात. त्यांना चार वेळा सांगितलं — पाणी ओतून द्यायचं, आई, विसरू नका. "अगं, म्हातारी झालेय, खुळी नाही!"

२१ फेब्रुवारी

आज सुट्टी. सगळं मीच केलं. यांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं. "आईच्या हातच्या भाताला काय चव असते. तुझा म्हणजे नुसता पांढरा रंग."

घ्या! भात तोच, पातेलं तेच. आई मात्र गालात हसत होत्या.

१ मार्च

रिपोर्ट आला. पोटॅशियम वाढलंय. खूप.

आहारवाल्या बाईंनी मला कोर्टात उभं केल्यासारखं विचारलं. काय देता? कधी देता? पाणी ओतता का? हो म्हटलं. देवाशपथ हो. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे पेशंट बाहेर काहीतरी खातोय."

बाहेर! हे खाली पानवाल्यापर्यंत जातात, बाकावर बसतात, परत येतात. त्याच्या शेजारीच फळांच्या रसाची गाडी आहे.

२ मार्च

विचारलं. नीट विचारायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते असं — "मी पीठ-साखरेत दिवसभर मरतेय आणि तुम्ही खाली जाऊन रस पिताय?"

हे आधी हसले. मग त्यांना कळलं, मी थट्टा करत नाही. "मोटारींचं वाइंडिंग करत होतो तेव्हा गिऱ्हाईक आपलं दुकान माझ्या भरवशावर सोडून जायचं. आता घरातच चोर ठरलो." ताट सरकवलं. आई म्हणाल्या, "जेवताना कशाला बोलतेस त्याला?"

मी तरी काय करू? कोणाला विचारू?

५ मार्च

खाली जाणं यांनी बंद केलंय. "आता तरी खात्री पटेल तुझी." दिवसभर खिडकीशी. पाय सुजलेत. मी पानवाल्याला गुपचूप विचारून आले. म्हणाला, "वहिनी, ते पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत माझ्याकडे." लाज वाटली. आणि त्याहून भीती. रस नाही, तर मग काय?

९ मार्च

भट्टी बिघडली, लवकर सुटले. घरात शिरले तर आई ओट्याशी उभ्या. भाजी चाळणीत. चाळणीखाली पातेलं. आणि त्या पातेल्यातलं पाणी आई तांदळात ओतत होत्या. हळूहळू, थेंब सांडू न देता.

"आई, हे काय?"

दचकल्या. मग चोरी पकडल्यासारखं हसल्या. "अगं, सगळा कस यात उतरतो. तू माझ्या पोराला नुसता चोथा घालतेस. वाळून चाललाय तो. मला नाही टाकवत."

तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडले — ते विष आहे, आई! त्यानंच त्यांचं हृदय बंद पडायचंय! यांना ऐकू जाऊ नये म्हणून ओरडले तेही दबक्या आवाजात.

आईंनी पातेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "हृदय? मला कुठे कोणी सांगितलं?"

नाहीच सांगितलं. पाणी ओता म्हटलं, का ओता ते नाही. ज्या बाईने उभ्या जन्मात भाताची पेजसुद्धा फेकली नाही, तिला नुसतं ओता म्हटलं!

१० मार्च

आई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. भिंतीला टेकून बसतात. जेवत नाहीत. माझा हात धरून एवढंच — "त्याला सांगू नकोस गं."

१२ मार्च

यांना सांगितलं, तुम्ही काही खाल्लं नव्हतं. माझंच चुकत होतं. कामाला जायच्या घाईत भाजी नीट उकळत नव्हते.

हे म्हणाले, "आणि चोर मला म्हणालीस." भिंतीकडे तोंड केलं.

असू दे. आईवर चिडण्यापेक्षा माझ्यावर चिडलेले बरे. पण सहन होत नाही. सकाळी बिस्किटांचं पीठ मळताना रडले, मालकीणबाईंनी बघूनही न बघितल्यासारखं केलं.

१९ मार्च

कोबी दोनदा उकळला. पाणी स्वतः ओतलं. भात पांढरा. हे अर्धा खातात, ताट ठेवतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात — औषध दे, दिवा लाव.

२४ मार्च

पोटॅशियम उतरलं! धावत घरी आले, सांगितलं. हे हुं म्हणाले. आईंनी हात जोडले, पण उठल्या नाहीत.

२७ मार्च

दम लागतो यांना. चार पावलं टाकली की बसतात. सूज मांडीपर्यंत.

२ एप्रिल

डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. "आता पथ्य राहू दे. त्यांना जे आवडतं ते खाऊ घाला." म्हटलं, म्हणजे? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येऊन एवढंच सांगितलं, पथ्य सुटलं. आई भिंतीजवळून उठल्या. केवढ्या हसल्या! "म्हणजे उतार पडला! बोल, काय करू तुला?" यांनी माझ्याकडे बघितलं. मला नजर चोरता आली नाही. त्यांना कळलं.

"कर काहीही, आई," म्हणाले. "भूक लागलीय."