पुडनच्या खऱ्या नावाची लढाई

३ ऑक्टोबर
आजपासून जीभ आवरायची. नातीच्या युनिव्हर्सिटीत नाक खुपसायचं नाही.

पुडन रडतच घरी आली. वर्गात काळ्या पोरी दोनच, ही आणि फोलासाडे. आम्ही जमैकाचे, ती नायजेरियाची. ती ताडमाड, ही बुटबैंगण. तरी तो प्रोफेसर व्हिटकॉम हिला फोलासाडेच म्हणतो. निबंध हिचा, शाबासकी तिला! पुडन म्हणाली, ग्रॅनी, पुन्हा असं झालं तर मी शिक्षण सोडते.

मी शिव्या दिल्या, पण हळू.

८ ऑक्टोबर
युनिव्हर्सिटीनं कमिटी काढलीय. डीकॉलनाइज करणार. म्हणजे काय गं, तर म्हणे गोऱ्या साहेबाचं भूत पुस्तकांतून उतरवायचं. म्हटलं, मीटिंगा भरवून भुतं उतरली असती तर आमचा पाद्री उपाशी मेला असता. म्हणाली, उद्या मीटिंग आहे, तू येऊ नकोस हं.

मी कशाला मरायला जाते?

९ ऑक्टोबर
गेले. चर्चची टोपी घालून.

आत शिरताच सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हटलं. एकाच्या तोंडून उत्तर फुटेल तर शपथ. म्हणे शिकलेली माणसं! व्हिटकॉमही कमिटीत होता. टेबलावर हात आपटून त्याला सुनावलं, पोरीचं नाव धड घेता येत नाही आणि शिकवतोस कसला? सगळ्यांच्या माना खाली. चेअरमनबाई म्हणाल्या, मॅडम, तिचं खरं नाव सांगा.

खरं नाव मलाच कुठं आठवतंय? गुबगुबीत होती म्हणून जन्मापासून पुडनच. आमच्यात कागदावरचं नाव लागतं ते बाप्तिस्म्याला आणि मयताला. के... केझ... पाद्र्याच्याही दातात अडकलं होतं.

पण हार मानीन ती मी कसली? पुडनचंच शुद्ध रूप ठणकावून सांगितलं, पुडिंग!

बाई गहिवरल्या. अर्थ विचारला. म्हटलं, रताळ्याचं करतो आम्ही. खाली निखारे, वर निखारे, मधे गोडवा. बाईंनी डोळे पुसले.

फत्ते!

१४ ऑक्टोबर
आज व्हिटकॉमनं भर वर्गात छातीवर हात ठेवून माफी मागितली. मिस पुडिंग, आपल्या पूर्वजांच्या नावाचा आम्ही अपमान केला. मग सगळ्या वर्गाकडून उच्चार घोकून घेतला. फोलासाडे हसून हसून बाकावरून पडली.

शिक्षण सोडणं रद्द. पुडन म्हणते, आता सोडलं तर जन्मभर तिथं पुडिंगच राहीन. म्हणजे जिंकले मीच.

फक्त माझ्याशी बोलत नाही. म्हणाली, माझं खरं नाव घेऊन हाक मार, मगच ओ देईन.

उद्या फोलासाडेला गाठून विचारावं लागणार.