गाडी फाटकापर्यंतच आणीन

अहो,

वर्कशॉपमधून फोन आला, आपली गाडी तयार आहे. मी आणि भावजी आणायला चाललो आहोत. तुम्ही झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. खरं सांगायचं तर मुद्दामच उठवलं नाही.

मेस्त्रींनी फोनवरच इंजिनचा आवाज ऐकवला. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्यात बसले तेव्हाचाच, तसाच खर्जातला. माझे कणकेचे हात तसेच राहिले. ती दोन लांब दारं, लाकडी डॅशबोर्ड, चामड्याच्या सीट, सगळं तुम्ही सांगितलं तसंच झालंय.

'एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही' असं तुम्ही बजावलं होतं. तरी मी एक गोष्ट बदलून घेतली आहे. क्लच काढून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. आजारपणापासून तुमचा डावा पाय साथ देत नाही, हे तुम्ही कबूल करणार नाही आणि मी पुन्हा बोलून दाखवणार नाही. भावजी म्हणाले, "दादा मला दारात उभं करणार नाही." मी म्हटलं, "माझं नाव सांगा." जुना गिअरबॉक्स आणि पेडल पेटीत घालून आणतेय, नकोच वाटलं तर परत बसवता येईल.

रागवायचं ते चहा पिऊन रागवा, थर्मासमध्ये आहे. मग चप्पल नको, बूट घाला आणि फाटकाशी या. मी तिथे इंजिन चालू ठेवून शेजारच्या सीटवर सरकेन. आपल्या त्या अरुंद शेडमध्ये गाडी रिव्हर्स घेणं तुमच्याशिवाय कुणालाच जमलेलं नाही, आणि नव्या रंगावर मला ओरखडा नकोय.