योगेशची शिकवणी

धायरी, पुणे

तीर्थरूप बाबा,

उत्कर्षाचा पुण्याहून नमस्कार. घर गहाण टाकायचं डोक्यातून काढा. कर्ज नकोच, पायलटच्या लेखी परीक्षेच्या शिकवण्या करून जमतील तसे विमान उडवायचे तास भरीन.

खासगी लायसन्स मिळालं तेव्हा पेढे सगळ्यांनी खाल्ले. पुढे व्यावसायिक लायसन्ससाठी कर्जाला जामीन हवा होता, तेव्हा महिपतीकाका भर पंगतीत म्हणाले, "पोरीला ड्रायव्हर करायला मी सही करू?" आई मान खाली घालून वाढत राहिली. मी विसरलेले नाही.

आता त्यांच्या योगेशला पायलट व्हायचंय. परवा काकांचा फोन आला, आवाजात नुसता गूळ. "तूच शिकव त्याला. घरचीच आहेस, फीचं बघू नंतर."

"नंतर नाही काका. पूर्ण फी आधी."

मुकाट भरली. योगेशला नीट शिकवतेय, राग त्याच्यावर नाही.

माझ्या जेवणाची काळजी नको; डबा कधीकधी संध्याकाळी उघडतो, पण उघडतो. आईचा गुडघा कसा आहे?

त्याच फीतून शनिवारी बारामतीला माझं बंद पडलेलं फ्लाइंग सुरू होतंय. तुमच्या भावाला एवढंच सांगा, ड्रायव्हरने पेट्रोलचे पैसे त्यांच्याकडूनच घेतले.

तुमची,
उत्कर्षा