काचेच्या तळाची केबिन

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. धपाटा भेटीत घालीन, कारण मला लिहिताना तुझी लेखणी दोन ओळींपुढे सरकत नाही आणि भाचीला मात्र चार-चार पानं.

गेल्या आठवड्यात दोन बायका घरी आल्या होत्या. फार आजारी असलेल्या मुलांची एक इच्छा पुरी करणारी त्यांची संस्था आहे. बिट्टीशी पत्ते खेळल्या, मुद्दाम हरल्या. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. ही माणसं कोणाच्या घरी येतात ते मला कळतं रे. डॉक्टरही म्हणाले, प्रवास करायचा तर याच महिन्यात करा.

बिट्टीने बाहुली मागितली नाही, सायकल नाही. तिला तुझ्या क्रेनमध्ये तुझ्या शेजारी बसायचंय, जहाजांच्याही वर. गोदीच्या साहेबांनी परवानगी दिलीसुद्धा. रविवारी अठरा तारखेला, काम बंद असताना, पट्टे बांधून लिफ्टने नेतील; पण तू सोबत हवास. होकार लगेच कळव. ती दिवस मोजते आहे आणि मला ते मोजणं ऐकवत नाही.

लोभ आहेच, तो टिकवायला या वेळी पत्र मोठं लिही.
तुझी ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोठं पत्र मागितलंस, घे.

दोन वर्षं झाली, मी क्रेनवर चढलेलो नाही. माझ्या हाताखाली दोर तुटला आणि भरलेला कंटेनर धक्क्यावर आदळला. कोणाला खरचटलंही नाही, म्हणून तर सांगायची लाज वाटली. आमच्या केबिनला तळाशी काच असते, पायांखालून सगळं दिसतं. तेव्हापासून लिफ्टच्या दाराशी गेलो की तळहात ओले होतात. आता मी भांडारात बसून हेल्मेट आणि हातमोजे वाटतो. बिट्टीला लिहिलेलं सगळं आठवणीतलं आहे. ती आजारी पडून पत्रं मागू लागली, तेव्हा भांडारातलं काय लिहिणार होतो?

आज सकाळी प्रयत्न केला. लिफ्टमध्ये एक पाय ठेवला आणि तसाच मागे फिरलो. दुसरा ऑपरेटर चालेल का ते विचार. नाहीतर मला ताप आलाय म्हणून सांग. ताई, मला तिच्यासमोर यायची भीती वाटते, आणि तिच्या आजाराची त्याहून जास्त.

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझा धाकटा

ता. क. हे पत्र बिट्टीला वाचून दाखवू नकोस.

दि. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

‘वाचून दाखवू नकोस’ हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं, एवढंही तुला कळू नये? तुझं पत्र आलं की मी तिच्या उशाशी बसून मोठ्याने वाचते. या वेळीही आधी नजर न घालता सुरुवात केली. दोर तुटला तिथे मी थांबले, तर तिने पुढे वाच म्हणून सांगितलं. शेवटपर्यंत वाचलं, ताज्या कलमासकट. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, जेवली नाही. तुझा संताप आला होता. पण मी कोणत्या तोंडाने रागावू? मीही तिच्यासमोर रोज खोटं हसतेच आहे.

आज तिने वही मागितली. लिहिलेलं मला दाखवलं नाही, पाकीटही स्वतःच चिकटवलं. आत काय असेल याची मला धास्ती वाटते. तसंच पाठवते आहे.

माझा लोभ कमी झालेला नाही, एवढं समज.
ताई

ती. मामास,
बिट्टीचा नमस्कार.

तू खोटं लिहिलंस म्हणून मी एक दिवस रुसले. आता नाही. मला क्रेन बघायचीच होती, पण खरं म्हणजे तुला विचारायचं होतं की इतक्या वर बसून भीती कशी वाटत नाही. इथे ते कोणाला विचारता येत नाही. बाबा म्हणतात घाबरण्यासारखं काहीच नाही. आई हसते आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून बसते. मला वाटायचं, घरात मी एकटीच भित्री आहे. झोपताना डोळे मिटले की ते परत उघडणार नाहीत असं वाटतं. हे कोणाला सांगू नकोस.

तुलाही भीती वाटते हे ऐकून मला खूप बरं वाटलं. म्हणून दुसरा ऑपरेटर नको. तापाचं नाटकही नको. मी अठराला येते. वर जायचं की नाही ते लिफ्टच्या दाराशी बसून ठरवू. माझा उजवा हात धर, डावा सुयांनी सुजलाय. तू घाबरलास की मला सांग. मी घाबरले की तुला सांगीन.

तुझी बिट्टी