असुंतामायचा पाव

वायरापाता, कचोराच्या वर,
जुलै संपत आलेला.

तीर्थस्वरूप कासिमिराताईस,

धाकट्या फोर्तुनातोचा वाकून नमस्कार. असुंतामायच्या कृपेने मी बरा आहे, खेचरं बरी आहेत आणि कोंबड्या माझ्यापेक्षा बऱ्या आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? लिमाच्या धुक्यात दाजींचा खोकला वाढला असणार. त्यांना निलगिरीचा वाफारा दे आणि माझं नाव सांगू नकोस, म्हणजे घेतील. पत्राबरोबर बसवाल्याच्या हाती पावाचे तुकडे पाठवले आहेत. पाव घरच्या भट्टीतला आहे, पण पेटीत अख्खा मावेना म्हणून मोडावा लागला. पोचेपर्यंत कडक होईल, तेव्हा आधी कॉफीत बुडवून खा आणि मग सावकाश पत्र वाच. (दाजींनाही दे. पण पहिला तुकडा तू घे.)

तुला माहीतच आहे, यंदाचा असुंतामायचा उत्सव आमच्या अंगावर आहे. आमच्या म्हणजे माझ्या आणि नेमेसियाच्या. गेल्या वर्षी देवळात ‘पुढचा यजमान कोण?’ असं विचारलं, तेव्हा सगळं गाव आपापल्या चपलांकडे बघत होतं, आणि नेमेसियाने माझा हात धरून वर केला. (हात माझा, विचार तिचा.) मग पावसाळ्यात ती गेली. हात मात्र वरच राहिला. आता अडचण अशी की यजमान पुरुषाने मायची पालखी पुढून उचलायची आणि त्याच्या घरातल्या बाईने शेजारून धुपाटणं घेऊन चालायचं. बायको, नाहीतर आई, नाहीतर बहीण. एकट्या पुरुषाबरोबर माय देवळाबाहेर पडत नाही. लोक म्हणतात, फोर्तुनातो, यंदा राहू दे, माय समजून घेईल. माय घेईल गं, पण नेमेसियाची समजूत कोण काढणार? असो. ते माझं मी बघेन. मी तुला चोकेकिरावच्या अवशेषांच्या सहलीत काय घोटाळा झाला तो सांगायला बसलो आहे.

तुला हुर्का आठवत असेल. यजमानाने मायपुढे ठेवलेला गाडीच्या चाकाएवढा पाव आणि त्यावर उसाच्या दारूचा घोट, हे ज्याने घेतलं तो बांधला गेला. मग त्याने उत्सवाला काहीतरी द्यायचंच. कोणी मेणबत्त्या, कोणी बैल, कोणी वाजंत्री. म्हणून तर हल्ली मी गाठोडं घेऊन गल्लीत शिरलो की धडधाकट माणसांची पोटं दुखायला लागतात. आमच्या दारावरून रोज जाणारा दूधवालासुद्धा आता वरच्या वाटेने जातो. अशा वेळी मला मारांपाताचा आपला मावसभाऊ आन्सेल्मो आठवला. त्याच्यासारखा हार्प वाजवणारा ह्या खोऱ्यात नाही, आणि मारांपाता चोकेकिरावच्या वाटेवरच आहे. त्याच आठवड्यात कुस्कोच्या सहलीवाल्या एजन्सीने मला खेचरं आणि स्वयंपाक दोन्हीसाठी बोलावलं. मी एक पाव भाजला, मायपुढे ठेवला, नेमेसियाच्या विणलेल्या कापडात बांधला, शेजारी बाटली खोचली आणि मास्तरिणीच्या पाठीवर चढवला. (मास्तरीण म्हणजे माझं राखाडी खेचर. वर्ग गप्प होईपर्यंत ती जागची हलत नाही, म्हणून हे नाव. घरात बोलायला कोणी नाही, तेव्हा मी तिच्याशीच बोलतो. ती सगळं ऐकते आणि तोंड फिरवते. नेमेसिया रागावली की असंच करायची, त्यामुळे सवय आहे.)

पाहुणे चौघं होते. योरिस नावाचा एक हॉलंडचा माणूस, इतका उंच की उभा राहिला की खेचरं त्याच्या सावलीला येऊन थांबत. पाणी शुद्ध करायच्या त्याच्याकडे इतक्या गोळ्या होत्या की आपुरिमाक नदी सबंध पिता आली असती. दुसऱ्या, चिलेच्या मिर्ताबाई, निवृत्त शिक्षिका, विधवा, कमी बोलणाऱ्या. आणि एक नवरा-बायको, जे भांडत नसले की फोटो काढत आणि फोटो बघून पुन्हा भांडत. गाईड आबानकायचा विल्बेर. पोरगा गुणी आहे, पण शहरात वाढलेला. पर्वतांची नावं त्याला पाठ आहेत, पर्वतांना त्याचं माहीत नाही. उतरणीवर उन्हाने सगळे भाजले, नदीकाठच्या बारीक माश्यांनी योरिसचे पाय चावून लाल केले, आणि तो प्रत्येक चाव्याला ‘सॉरी’ म्हणत होता. माशीला म्हणत होता की आम्हाला, ते कळलं नाही.

नदीकाठी तंबू ठोकून, चहाचं आधण ठेवून मी जरा बाजूला गेलो. वर चढण्याआधी नदीला आणि पर्वताला कोकाची तीन चांगली पानं द्यायची, हे आपल्या आबांनी शिकवलेलं मी चुकवत नाही. हल्ली त्यात नेमेसियाचंही नाव घेतो, म्हणून थोडा उशीर लागतो. परत आलो तर टेबलावर नेमेसियाचं कापड उलगडलेलं, आणि चौघं पाहुणे गालफडं फुगवून खात होते.

‘काका, कसला झकास पाव आहे हो!’ विल्बेर म्हणाला. ‘हा लपवून ठेवता आणि आम्हाला बिस्किटं चारता?’

‘अरे मेल्या, तो हुर्क्याचा आहे!’

त्याच्या हातातला घास हातातच राहिला. ‘मग ती बाटली...?’

‘ती पण उघडलीस?’

‘प्रत्येकाला झाकणभरच दिली हो. थंडीसाठी.’ (नदीकाठी कोंबडीचं अंडं दगडावर शिजेल इतकं ऊन होतं.) मग जरा सावरून म्हणाला, ‘जाऊ द्या काका, ही परदेशी माणसं. यांना नाही लागू होत.’

‘ते तू मायला जाऊन सांग,’ मी म्हटलं. ‘आणि तू काय खाल्लंस? तू तर आबानकायचा आहेस ना?’

त्यावर तो भांडी घासायला गेला. स्वतःहून.

दुसऱ्या दिवशी सबंध चढण मी ह्याच विचारात चढलो. पाव मायपुढे ठेवलेला, मायच्या साक्षीने खाल्लेला. न सांगता खाल्लेला बांधतो की नाही, हे कोणाला विचारणार? मास्तरिणीला विचारलं, तिने तोंड फिरवलं. मारांपाताला पोचल्यावर रिकामं कापड घेऊन आन्सेल्मोच्या अंगणात गेलो आणि झालेलं सगळं सांगितलं. तो मका सोलता सोलता इतकं मन लावून ऐकत होता की मला वाटलं, आता उठून हार्प काढतो.

‘खाल्ला ना त्यांनी? चावून, गिळून?’

‘खाल्ला रे.’

‘मग झालं की! मायला काय पासपोर्ट बघायचा असतो?’ तो म्हणाला. ‘मला फार वाईट वाटतंय, दादा. तू माझ्यासाठी एवढा पाव आणलास आणि माझ्या नशिबीच नाही. मायचीच इच्छा. आपण कोण?’

वाईट वाटलेल्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. वर त्याने मला एक अख्खं चीज दिलं. एरवी वास घेऊ देत नाही.

चोकेकिरावला मी आजवर कित्येकदा गेलो, पण अवशेष बघायला वर क्वचित. खेचरांजवळ कोणाला तरी थांबावं लागतं, आणि पूर्वजांच्या घरात उगाच हिंडू नये असं मला वाटतं. ह्या वेळी मिर्ताबाई म्हणाल्या, तुम्ही चला, खेचरं विल्बेर बघेल. (विल्बेरने ‘हो’ म्हटलं, पाव अजून त्याच्या पोटात होता.) उतारावरची ती पायऱ्यांची शेतं तू लहानपणी आबांबरोबर पाहिली आहेस. भिंतींच्या दगडात पांढऱ्या दगडांची लामा जनावरं बसवली आहेत, एकामागून एक चढत निघालेली. बाकीचे फोटो काढत होते आणि मी नुसता उभा होतो. एवढा कळप चालला आहे, पण हाकणारा कुठेच नाही. आजपर्यंत माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

तिथेच मी पाहुण्यांना हुर्क्यापासून धुपाटण्यापर्यंत खरं काय ते सांगितलं. म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं, तेव्हा तुमच्यावर काही नाही, पण न सांगणं मला जड जातंय. ताई, आपल्या गावात कोणाचे झाले नाहीत इतके गंभीर चेहरे त्यांचे झाले. योरिसने विचारलं, ‘मी काय वाजवू?’ त्याला फक्त शिट्टी येते, तीही दोनच सूर. नवरा-बायकोत मोठा तुकडा कोणी खाल्ला, म्हणजे जास्त कोणी द्यायचं, ह्यावर भांडण लागलं. उत्सवाच्या आधीच सगळ्यांची विमानं होती. शेवटी योरिसने डोक्याला बांधायची बॅटरी काढून दिली, ही मायपुढची मेणबत्ती समजा म्हणाला. मिर्ताबाईंनी गळ्यातली निळी शाल मायला दिली. मला इतकं बरं वाटलं की मला सांगता येत नाही, आणि इतकं वाईटही वाटलं. कारण जे माझे कोणी नाहीत ते बांधले गेले, आणि जे आहेत त्यांची पोटं दुखतात.

शाल माझ्या हातात देताना मिर्ताबाईंनी हळूच विचारलं, ‘आणि तुमच्या शेजारून धुपाटणं घेऊन कोण चालणार?’

‘माझी ताई येते आहे, लिमाहून,’ मी म्हणालो.

मी म्हणालो म्हणजे तोंड म्हणालं. मी स्वतःच ऐकत राहिलो. मिर्ताबाईंचा चेहरा एकदम निवांत झाला. ‘मग चांगलं आहे,’ त्या म्हणाल्या. तेव्हा मला खोटं मागे घेता आलं नाही.

तू हे मनावर घेऊ नकोस. लिमाहून कचोराचा प्रवास काय असतो ते मला कळतं. आईच्या मातीला आलीस तेव्हा तुझे पाय किती सुजले होते ते मी विसरलेलो नाही. देवळात जाऊन मी मायची माफी मागितली आहे. निळी शाल तिला शोभते. मी रोज संध्याकाळी जाऊन बॅटरी लावून येतो, घरी परतायला तेवढाच उशीर होतो. चूल पेटवतो, दोन कप काढतो, एक परत ठेवतो. बाकी सगळं ठीक चाललं आहे. दाजींना नमस्कार, पोराबाळांना माझ्याकडून गालगुच्चा.

तुझा,
फोर्तुनातो

ता. क. बॅटरीचं एक बटण दाबलं की ती लाल होऊन मिचकायला लागते. पाद्रीबाबा आले तेव्हा नेमकी तशी झाली. त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि लवकर निघून गेले.

ता. क. पावाबद्दल. पेटीत अख्खा मावला असता. पण अख्खा चाकाएवढा पाहिला असतास तर तू लगेच ओळखलं असतंस, आणि दाजींनी तुझं पोट दुखायला लावलं असतं. भाजल्यावर मायपुढे ठेवला होता, नेमेसियाचं नाव घेतलं होतं. आता तू खाल्ला आहेस. दारूच्या बाटल्या बसवाला घेत नाही, तेव्हा तुझा घोट इथे झाकून ठेवला आहे.

ता. क. आणि तू लहानपणापासून संशयी. पत्र आधी वाचलं असशील आणि पाव तसाच पडला असेल, तर कोंबड्यांना टाकू नकोस, लिमाच्या कोंबड्यांना इथपर्यंत कोण आणणार? तू ये किंवा येऊ नकोस, उत्सवाच्या आठवड्यात मी रोज सकाळी मास्तरिणीवर जाड घोंगडी घालून कचोराच्या चौकात बसची वाट बघेन. चढ तिचा, गुडघे तुझे, तुला एक पाऊल टाकावं लागणार नाही. तिला फक्त रिकामं परत यायला आवडत नाही.