टाचेचा निळा धागा

१२ जानेवारी, मानपाडा
संक्रांत दोन दिवसांवर, शाल अजून कपाटातच.
दोर्जेचा फोन. ह्यांच्या शेवटच्या चढाईतला वाटाड्या. दर संक्रांतीला तिळाचे लाडू पाठवते, पोचले की कळवतो. आज लाडवांचं बोललाच नाही. "दीदी, इस बार बर्फ गिरी ही नहीं. जनवरी में बारिश हो रही है."
नऊ वर्षांपूर्वी कोसळलेल्या हिमकड्याखाली हे गाडले गेले, तो उतार उघडा पडलाय म्हणे. कडेला एक बूट दिसतोय. आत मोजा.

१३ जाने.
वाचनालयातलं मासिक परत काढलं. उंच डोंगरांत हिवाळेच तापत चाललेत. बर्फ असतं तोवर ऊन परतवतं; काळी जमीन उघडी पडली की ऊन पिते, मग आजूबाजूचंही वितळतं. मागे पेन्सिलीने खूण केलेली. तेव्हा फक्त दोर्जेच्या सफरचंदाच्या बागेची काळजी वाटली होती.

१५ जाने.
क्षमा माजिवड्याहून आली.
"अगं आई, बाबांचा दर्भाचा पुतळा करून अग्नी दिलाय आपण. आता एका मोज्यासाठी हिमाचलला जाणार तू?"
म्हटलं, त्यांचा मोजा मी रफू केलाय. तपकिरी लोकर संपली म्हणून टाचेला निळी. हे म्हणाले होते, "बर्फात माझी टाच कोण बघणार?"
लेक हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.
गुरुजींना विचारलं, पुतळा जाळल्यावर खरा माणूस सापडला तर? "बघून सांगतो, वहिनी. असं अजून कुणी विचारलं नव्हतं."

१९ जाने.
गुरुजींचा फोन नाही.
हे सापडावेत, असं सगळ्यांसमोर म्हणते. खरं म्हणजे एवढाच आधार होता, की तिथे थंडी आहे, हे जसेच्या तसे आहेत. बावन्नचे. मी आता त्यांच्याहून मोठी.
दोर्जेला टाचेचा रंग विचारायचा होता. ओठांवर आलं आणि लाडू पोचले का, तेच विचारलं.

२ फेब्रु.
दोर्जेचा फोन सकाळीच. तिथे अजून पाऊसच, वरून चिखल घसरतोय. "कल तक शायद कुछ न रहे, दीदी. फोटो भेजूँ?"
पाठव म्हटलं.
आलाय. फोन टेबलावर उपडा ठेवलाय. शेजारी उरलेल्या निळ्या लोकरीचा गुंडा. क्षमा निघालीय, म्हणाली, मी येईपर्यंत बघू नकोस.
चष्मा पुसून ठेवला.