पुसट कडेचा ठिपका

१२ नोव्हेंबर १९२९

प्रिय आर्माँ,

मंगळवार, १४ मार्च १९११, दुपारी सव्वातीन. वेधशाळेच्या मोजणीच्या खोलीत तू माझ्या बहिणीच्या वहीतली एक ओळ तांबड्या शाईने खोडलीस. मी शेजारच्याच सूक्ष्मदर्शकावर होते.

ओदिलने लिहिलं होतं, 'कड पुसट. धूमकेतू असावा.' आकाशाच्या फोटोच्या काचेवर तारे काळे उमटतात. त्यांत जागा बदलणारा ठिपका रेखीव असला तर लघुग्रह, टीपकागदावरच्या शाईसारखा पसरलेला असला तर धूमकेतू. आमची सारी विद्या एवढीच. तू वर लिहिलंस, 'रेखीव. लघुग्रह.' आणि म्हणालास, "ओदिलबाई, चष्मा घ्या आता, नाहीतर उद्या माझ्या टकलालाही शेपूट दिसेल तुम्हाला." सगळ्याजणी हसल्या. त्या लघुग्रहाला तू माझं नाव दिलंस. मी ते मिरवलं. लग्न तू नोटरीच्या मुलीशी केलंस, तो विषय वेगळा.

ओदिलला पंधरा दिवसांत काचांची कपाटं पुसायला लावलं. डोळे गेले असं समजून ती अठरा वर्षं जगली. मसूर निवडून झाले की ताट माझ्यापुढे सरकवायची, "तू एकदा बघ गं, माझ्या डोळ्यांचा काय भरवसा." मला एकदाही खडा सापडला नाही. मी ताट तसंच परत सरकवायचे.

फेब्रुवारीत ती गेली. मी रडले नाही. मसूर हल्ली न निवडताच शिजवते.

परवा पेपरात वाचलं, तो ठिपका परत आलाय, भलंमोठं शेपूट घेऊन. आता तो धूमकेतू आहे आणि शोधणारा म्हणून नाव तुझं आहे. माझं पुसलं गेलं ते बरंच झालं.

प्रत्येक मापाखाली दोन सह्या लागत. त्या दिवशी दुसरी माझी होती. तू वही पुढे केलीस, "कर सही, क्लेमाँस, उगाच वेळ नको," आणि मी केली. कॉन्व्हेंटमध्ये नऊ वर्षं दर शनिवारी पापं कबूल केली. हे कुणापाशीच केलं नाही: पुसट कड मलाही दिसली होती.

दुरुस्तीलाही दोन सह्या लागतात, नियम तुझाच. सोबतच्या कागदावर एकच वाक्य आहे, 'ओदिलने बरोबर पाहिलं होतं.' खाली मी सही केली आहे. तुझी करून कागद शनिवार, ३० नोव्हेंबर, दुपारी सव्वातीनच्या आत माझ्याकडे पोचव. चष्मा लागत असेल तर लाव.

एके काळची तुझीच,
क्लेमाँस